रिदम अँड ब्लूज: ‘पूर्वज’ या पदवीमागचा हिशेब

१/
अमेरिकी लोकप्रिय संगीताचा इतिहास सांगताना एक वाक्य हमखास येते: रिदम अँड ब्लूजमधून रॉक अँड रोल जन्माला आले. वाक्य खोटे नाही, पण त्याचा परिणाम घातक झाला आहे. एका परिपूर्ण संगीताची तसबीर करून ती दुसऱ्याच्या दिवाणखान्यात टांगली गेली. तसबिरीला हार मिळतो, वाटा मिळत नाही. हा धागा त्या तसबिरीविरुद्ध आहे.

२/
आधी नाव. ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकाने ऑक्टोबर १९४२ मध्ये ‘हार्लेम हिट परेड’ नावाची यादी सुरू केली. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतील दुकानांत कोणत्या रेकॉर्ड खपतात, एवढेच ती सांगे. १९४५ मध्ये यादीचे नाव ‘रेस रेकॉर्ड्स’ झाले आणि जून १९४९ मध्ये ‘रिदम अँड ब्लूज’. हे शेवटचे नाव सुचवणारे जेरी वेक्सलर तेव्हा त्याच साप्ताहिकात नोकरीला होते. म्हणजे हे नाव मुळात सुरांचे वा तालाचे नव्हतेच. ते ग्राहकाच्या वर्णाचे नाव होते.

३/
संगीत मात्र नावाच्या आधीपासून घडत होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात दक्षिणेतील लक्षावधी कृष्णवर्णीय शिकागो, डेट्रॉइट, लॉस एंजेलिस येथील कारखान्यांत आले. हाती रोख पगार आला, वस्तीतल्या मद्यगृहांत ज्यूकबॉक्स आले. पेट्रोलचे रेशनिंग आणि सैन्यभरती यांमुळे पंधरा-वीस वादकांचे ताफे गावोगाव फिरवणे परवडेनासे झाले. (रेकॉर्ड ज्या शेलॅकपासून बनत, ते मुख्यतः छोटा नागपूर परिसरातील लाखेपासून येई. युद्धात त्याचाही तुटवडा पडला.) पाच-सहा वादकांचा आटोपशीर ताफा ही त्या काळाची गरज होती. त्या गरजेतून एक नवा नाद निघाला.

४/
त्या नादाचा पहिला मोठा शिल्पकार लुई जॉर्डन. अर्कान्सामध्ये १९०८ साली जन्मलेला हा सॅक्सोफोनवादक-गायक आपल्या ‘टिम्पनी फाइव्ह’ या ताफ्यासह १९४० च्या दशकात कृष्णवर्णीय श्रोत्यांचा अनभिषिक्त राजा होता. त्याची १८ गाणी त्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. त्यांपैकी ‘चू चू चबूगी’ हे १९४६ मध्ये तब्बल १८ आठवडे तेथे राहिले. ऐकताना लक्ष द्यावे ते पियानोच्या डाव्या हाताकडे, तालाच्या लंगडत धावणाऱ्या चालीकडे आणि जॉर्डनच्या मिस्कीलपणाकडे. भाडे, पैसा, बायको, मेजवानी, पोलीस हे त्याचे विषय. हे शहरात नव्याने आलेल्या प्रौढ, कष्टकरी माणसांचे संगीत आहे. पौगंडावस्थेतील बंडाची ही रंगीत तालीम नव्हे.

५/
१९४७ मध्ये रॉय ब्राऊनने ‘गुड रॉकिन टुनाइट’ रचून गायले. आधी त्याने ते वायनोनी हॅरिसला देऊ केले होते. हॅरिसने नाकारले आणि गाणे चालताच स्वतः रेकॉर्ड केले. ब्राऊनच्या गळ्यात आर्जव आहे. हॅरिसकडे दांडगाई आहे, आणि दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर पडणाऱ्या टाळ्या आहेत. एकच गाणे, दोन स्वभाव. दोन्ही पाठोपाठ ऐकल्यावर ‘प्राथमिक अवस्थेतील रॉक’ हे वर्णन किती दरिद्री आहे ते कळते.

६/
डिसेंबर १९४९. न्यू ऑर्लिन्समधील कोसिमो मटासा यांचा रेकॉर्ड-दुकानाच्या मागचा स्टुडिओ. फॅट्स डॉमिनो ‘द फॅट मॅन’ गातो, ड्रमवर अर्ल पामर. एल्व्हिस प्रिस्लीची पहिली व्यावसायिक रेकॉर्ड यायला तेव्हा साडेचार वर्षे होती.

७/
येथे एक युक्तिवाद ठरलेला असतो. पन्नासच्या दशकात गोऱ्या गायकांनी ही गाणी पुन्हा गायली, त्यामुळे संगीत घराघरांत पोहोचले, सर्वांचेच भले झाले, आणि शेवटी हॅरिसनेही ब्राऊनचे गाणे गायलेच की! युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. तो तपासायचा तर कायदा पाहावा लागतो.

८/
अमेरिकेच्या १९०९ च्या कायद्यानुसार एकदा गाणे रेकॉर्डवर आले की प्रत्येक प्रतीमागे दोन सेंट देऊन कोणीही ते पुन्हा रेकॉर्ड करू शके. हे पैसे रचनाकार आणि प्रकाशक यांचे. मूळ गायकाला त्यातून छदामही नाही. ध्वनिमुद्रणाला संघराज्याच्या कायद्याचे स्वतंत्र संरक्षण मिळाले ते १९७२ मध्ये. आता ज्या संगीतात रचना कागदावर चार ओळींची असते आणि सारी करामत उच्चारात, तालात, सॅक्सोफोनच्या उत्तरात असते, तेथे कायद्याने फळ सोडून साल राखली होती.

९/
लावर्न बेकरने १९५४ च्या अखेरीस आणलेल्या ‘ट्वीडल डी’ची जॉर्जिया गिब्जने जवळजवळ हुबेहूब नक्कल केली, संगीतयोजनेसकट. मोठी कंपनी, गोरी गायिका. मोठ्या आकाशवाणी केंद्रांची दारे तिच्यासाठी उघडीच होती. हॅरिस आणि ब्राऊन एकाच बंद दालनात स्पर्धा करत होते. बेकरला मात्र ज्या दालनात प्रवेशच अवघड होता, तेथे तिचीच गायकी दुसरीच्या नावावर वाजत होती. १९५५ मध्ये बेकरने काँग्रेस सदस्य चार्ल्स डिग्ज यांना पत्र लिहून संगीतयोजनेला कायद्याचे संरक्षण मागितले. ते मिळाले नाही. विमानप्रवासाला निघताना तिने उतरवलेल्या विम्याची वारस म्हणून गिब्जचे नाव घातले, असा किस्सा सांगतात: आपण गेलो तर बिचारी नक्कल कोणाची करणार!

१०/
मुंबईच्या चित्रपटसंगीताचा अभ्यास करणाऱ्यांना ही वेदना ओळखीची वाटेल. सी. रामचंद्र यांच्या ‘अलबेला’ (१९५१) मधील उसळता नाद चिक चॉकलेट यांच्यासारख्या गोव्याच्या वादकांशिवाय उभा राहिला नसता. त्या काळच्या गोमंतकीय संयोजकांची नावे श्रेयनामावलीत कितीशी आढळतात?

११/
या बाजूने बोलणारेही कधी कधी चुकतात. ‘हाऊंड डॉग’ १९५२ मध्ये बिग मामा थॉर्नटनने गायले, पुढल्या वर्षी ते सात आठवडे पहिल्या क्रमांकावर होते. १९५६ मध्ये एल्व्हिसने ते जगभर नेले. पण ते रचले होते लीबर आणि स्टोलर या दोन गोऱ्या ज्यू तरुणांनी, थॉर्नटनसाठी. हे संगीत रक्तशुद्धीच्या कसोटीवर कधीच उतरणार नाही, आणि तशी कसोटी लावूही नये. वाद वंशाच्या मालकीचा नाही. थॉर्नटनला त्या रेकॉर्डचे एकूण ५०० डॉलर मिळाले, असे तिने सांगितले. वाद त्या आकड्याचा आहे.

१२/
आणि ‘पहिले रॉक गाणे कोणते’ ही स्पर्धाही तसबिरीचाच खेळ आहे. कोणी १९५१ चे ‘रॉकेट ८८’ पुढे करतो, कोणी सिस्टर रोझेटा थार्पचे १९४५ चे गाणे. हेतू चांगला असतो. पण त्यात ‘रॉक’ हेच गंतव्य ठरते आणि बाकी सारी केवळ स्थानके. मिल्ट गॅबलर यांनी डेक्का कंपनीत आधी जॉर्डनची ध्वनिमुद्रणे केली आणि १९५४ मध्ये बिल हेलीचे ‘रॉक अराउंड द क्लॉक’ केले. माणूस तोच. मग जॉर्डन भूमिका आणि हेली ग्रंथ, असे कोणी ठरवले?

१३/
रूथ ब्राऊन. १९५० पासून तिच्या एकामागोमाग एक गाजलेल्या गाण्यांवर ॲटलांटिक ही छोटी कंपनी इतकी उभी राहिली की तिला ‘रूथने बांधलेले घर’ म्हणत. साठच्या दशकात घर चालवण्यासाठी हीच रूथ घरकाम करत होती, शाळेची बस चालवत होती. ध्वनिमुद्रणाचा खर्च कलावंताच्याच मानधनातून वळता करण्याची रीत असल्याने कंपनीच्या वहीत ती देणेकरी होती. ऐंशीच्या दशकात तिने वकिलाकरवी लढा दिला. १९८८ मध्ये कंपनीने तिच्यासह अनेक जुन्या कलावंतांची ही कागदी कर्जे माफ केली, मानधनाची फेरमोजणी मान्य केली, आणि गरजू कलावंतांसाठी ‘रिदम अँड ब्लूज फाउंडेशन’ उभे राहिले. फेरमोजणी मात्र मागील सुमारे दोन दशकांपुरतीच झाली. ज्या वर्षांत तिची गाणी खरोखर खपली, ती पन्नाशीतली वर्षे त्या हिशेबात आलीच नाहीत.