सालगडी मिळत नाही, कारण...

पाडवा जवळ आला की वर्धा जिल्ह्यात हिंगणीकडे एकच गाऱ्हाणं सुरू होतं: सालगडी मिळत नाही. गाऱ्हाणं खरं आहे. त्याला जोडलं जाणारं कारण खोटं आहे. म्हणे, रेशन फुकट झालं आणि मजूर माजले.

आधी हिशेब करू. जानेवारी 2023 पासून अन्न सुरक्षा कायद्याचं धान्य मोफत झालं, सर्वसाधारण लाभार्थ्याला माणशी महिन्याला 5 किलो. दिवसाला 165 ग्रॅम पडतं. तेल, तिखट, सिलिंडर, पोरांची फी वेगळीच. ज्याला यात माज दिसतो त्यानं महिनाभर तो करून पाहावा. शिवाय हाच मजूर सोयाबीनच्या सवंगणीला एकराच्या ठेक्यावर उजाडायच्या आत शेतात असतो, कापूस किलोवर वेचतो, एरवी बुटीबोरीच्या कारखान्यांची वाट धरतो. तो काम टाळत नाही, साल टाळतो.

साल म्हणजे पाडवा ते पाडवा. पहाटे गोठा, दिवसभर शेत, रात्री जागल. आणि बोर व्याघ्र प्रकल्पाचं जंगल उशाशी असताना जागलीत गाठ फक्त रानडुकराशीच पडेल असं नाही. उचल फिटली नाही तर पुढचं सालही त्याच घरी.

‘पण वर्षभराची शाश्वती होती, मालक दुखलंखुपलं पाहायचा,’ असं कुणी म्हणेल. हा मुद्दा पोकळ नाही. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन 1962 पासून दक्षिण गुजरातेत फिरले. तिथला ‘हाळी’ लग्नासाठी कर्ज घेई आणि बहुधा जन्मभर मालकाचा होई. त्या नात्यात आधार होता आणि शोषणही. पुढे हे नातं तुटलं, त्यात मालकांनाही तो भार नकोसा झाला होता. मजूर मोकळा झाला, पण ब्रेमन यांनी त्या मोकळेपणाचे गोडवे गायले नाहीत. बार्डोलीच्या साखर कारखान्यांनी उशाशी भूमिहीन हळपती, म्हणजे याच हाळींच्या जातीचे मजूर, असताना ऊस तोडायला खानदेशातून माणसं आणली. परमुलखातला मजूर मुकादमाच्या मुठीत राहतो. तेव्हा ‘मजूर मिळत नाही’ याचा अर्थ पुष्कळदा ‘मुठीत राहणारा मजूर मिळत नाही’ असा असतो.

मग शाश्वती द्यायची कुणी? महाराष्ट्रानं याचं उत्तर एकदा दिलं होतं. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमीचा 1977 मध्ये कायदा झाला. पैशासाठी व्यवसाय कर लावला. कायम नोकरीवाल्याच्या पगारातून बेभरवशाच्या हाताला काम. मालकाची मर्जी नाही, उचल नाही. तेव्हाही मजूर बिघडतील अशी ओरड झालीच. (शेतकऱ्याच्या मालालाच हमी नाही, हे दुखणं मला मान्य आहे, त्याचा राग मजुरावर का?)

शाश्वतीचा हाच प्रश्न आता कारखान्यातही आला आहे. नवे कामगार कायदे पाहा. 21 नोव्हेंबर 2025 पासून ते लागू झाले. कामगार कपातीसाठी सरकारी परवानगीची अट 100 ऐवजी 300 कामगारांच्या कारखान्यापासून सुरू होते. मुदतीच्या नोकरीत सवलती कायम कामगाराइतक्या, वर्षात ग्रॅच्युइटीही. पण मुदत संपली की काम संपलं, ती कपात धरली जात नाही. हे सालच आहे, फक्त त्याला पाडव्याचा मुहूर्त लागत नाही. सालगडी शोधत फिरणाऱ्या बापाचा पोरगा नागपुरात अशाच नोकरीवर असेल, तर बाप त्याला फोनवर एकच विचारतो: कायम कधी होशील?