सनावळीतील एक साल

परीक्षेचे दिवस जवळ आले म्हणजे विद्यार्थी इतिहासाच्या पुस्तकातील सनावळी घोकू लागतात. अमुक साली लढाई, तमुक साली तह, अमुक साली जन्म, तमुक साली मृत्यू, अशी ही जपमाळ चालते. आणि परीक्षा संपताच तिचा दोरा तुटून मणी चहूकडे विखुरतात. ह्यात दोष स्मरणशक्तीचा नव्हे, वाचण्याच्या रीतीचा आहे. सनावळी आपण नेहमी वरून खाली वाचत जातो. एका सालापाशी थांबून, त्या वर्षी आसपास आणखी काय घडत होते, कोण जन्मले, कशाचा पाया घातला गेला, हे विचारण्याची आपणांस सवय नाही. आमच्या मते ही सवय लागली, तर इतिहासाची गोडी आपोआप लागेल. इतकेच नव्हे, तर थोर पुरुषांविषयीचे आपले पुष्कळसे उथळ वादही मिटतील. हे मत पटवून देण्यासाठी इ. स. १८४५ हे एकच साल आम्ही येथे घेत आहोत.

हे साल निवडण्याचे कारण आपल्या दारापाशीच आहे. कळंबोली ही नवी वसाहत. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, आणि पुढे येथील भातशेतीच्या जागी आखीव सेक्टर, लोखंडाचा बाजार व मालमोटारींचे तळ उभे राहिले. पुण्याकडे जाणारा द्रुतगती मार्गही येथूनच निघतो. नाना जिल्ह्यांतून व परप्रांतांतून येऊन येथे स्थायिक झालेल्या कुटुंबांतील मुले सहज बोलून जातात की, आमच्या गावाला इतिहास नाही. इतिहास असावयाचा तो रायगडाला, पुण्याला, साताऱ्याला. ही समजूत खरी नव्हे. पनवेल ओलांडून गोव्याच्या रस्त्याला लागावे, आणि कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका नजरेत भरू लागतो न लागतो तोच शिरढोण हे गाव येते. कळंबोलीपासून ते पंधरा किलोमीटरांच्या आतच आहे. ह्या शिरढोणात ४ नोव्हेंबर १८४५ रोजी वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म झाला. त्यांचे आजोबा अनंतराव हे कर्नाळ्याचे किल्लेदार होते. १८१८ साली कर्नल प्रॉथरच्या फौजेने तो किल्ला घेतला. पनवेलच्या नाट्यगृहास आज वासुदेव बळवंतांचेच नाव आहे. त्या नाट्यगृहात हौसेने नाटके पाहणाऱ्यांपैकी किती जण शिरढोणास जाऊन आले असतील, ह्याचा विचार ज्याचा त्याने करावा.

आता हेच साल हाती धरून खाडीपलीकडे मुंबईस जाऊ. ४ ऑगस्ट १८४५ रोजी, म्हणजे वासुदेव बळवंतांच्या बरोबर तीन महिने अगोदर, तेथे एका पारशी व्यापाऱ्याच्या घरी फिरोजशहा मेहता जन्मास आले. त्याच वर्षी ग्रँट मेडिकल कॉलेजात अध्यापनास आरंभ झाला, आणि त्याच्या शेजारी सर जमशेटजी जिजीभाई यांच्या औदार्याने उभे राहिलेले रुग्णालय लोकांस खुले झाले. ह्या कॉलेजच्या पहिल्या विद्यार्थ्यांत गोमंतकातून आलेले भाऊ दाजी लाड होते. १८५१ साली परीक्षा उत्तीर्ण होऊन ते पुढे नामांकित वैद्य व पंडित झाले. १८४५ च्याच एप्रिलात माहीम व वांद्रे यांस जोडणारा खाडीवरील रस्ता खुला झाला. तोवर प्रवाशांना होडीने जीव मुठीत धरून पलीकडे जावे लागे. जमशेटजींच्या पत्नी अवाबाई यांनी दीड लाखाहून अधिक रुपये दिले, म्हणून तो रस्ता झाला. आणि त्यावर प्रवाशांकडून पट्टी घेऊ नये अशी अट त्यांनी घातली. ह्याच सुमारास नाना शंकरशेट व जमशेटजी हे मुंबईस आगगाडी यावी म्हणून खटपट करीत होते, आणि ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची योजनाही १८४५ सालीच पुढे आली. तिची पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास गेली.

दृष्टी आणखी लांब नेली तर ह्याच वर्षी आयर्लंडात बटाट्याच्या पिकावर रोग पडून भयंकर दुष्काळास सुरुवात झालेली दिसते; आणि जर्मनीत रंटगेन नावाचे मूल जन्मास आलेले दिसते, ज्याने पन्नास वर्षांनी क्ष-किरण शोधून काढले. परंतु त्या काळच्या एखाद्या वर्तमानपत्रकारास ‘ह्या वर्षातील मोठी गोष्ट कोणती?’ असे विचारले असते, तर त्याने निःसंशय डिसेंबरात पंजाबात पेटलेल्या शीख युद्धाचे नाव घेतले असते. शिरढोणच्या पाळण्याकडे किंवा मुंबईच्या पाळण्याकडे कोणाचेच लक्ष गेले नसते. सालाची थोरवी त्या सालात क्वचितच दिसते. शेतात दाणा पडतो तेव्हा गाजावाजा होत नाही. गाजावाजा होतो तो खळ्यावर.

ह्या दोन पाळण्यांतील मुलांचे पुढे काय झाले ते पाहू. वासुदेव बळवंत कल्याणास व मुंबईस शिकले. त्यांच्या चरित्रांत असे नमूद आहे की, त्यांनी प्रथम त्याच रेल्वे कंपनीत व नंतर त्याच ग्रँट मेडिकल कॉलेजात कारकुनी केली. ज्या दोन संस्थांचे बीज त्यांच्या जन्मसाली पडले, त्यांच्याच चोपड्यांवर त्यांनी उमेदवारी केली, हा योग लक्षात ठेवण्यासारखा आहे. पुढे पुण्यास लष्कराच्या हिशेब खात्यात ते नोकरीस होते. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने दक्षिण हिंदुस्थानात पन्नास लाखांहून अधिक माणसे दगावली, असा अंदाज आहे. दुष्काळी मुलुखात स्वतः हिंडून वासुदेव बळवंतांनी रयतेची दैना पाहिली, आणि १८७९ च्या फेब्रुवारीत रामोशी सोबत्यांसह बंडाचे निशाण उभारले. त्याच वर्षीच्या जुलैत ते पकडले गेले. जन्मठेप होऊन त्यांस एडनला नेण्यात आले; आणि तेथेच १७ फेब्रुवारी १८८३ रोजी, वयाच्या ३८ व्या वर्षी, त्यांचा अंत झाला.

फिरोजशहांची वाट अगदी निराळी. १८६४ साली एम. ए., १८६८ साली विलायतेत बॅरिस्टर, आणि मग आयुष्यभर मुंबईच्या नगरकारभारात व कायदेमंडळात झुंज. नगरपालिकेचे निम्मे सभासद करदात्यांनी निवडून द्यावे हे तत्त्व १८७२ च्या कायद्याने मुंबईत आले. त्या कायद्याच्या व पुढील १८८८ च्या कायद्याच्या घडणीत त्यांचा मोठा हात होता. १८९० च्या कलकत्त्याच्या काँग्रेसचे ते अध्यक्ष झाले. ५ नोव्हेंबर १९१५ रोजी, सत्तरी ओलांडून, ते निवर्तले. मुंबई महानगरपालिकेच्या इमारतीसमोर त्यांचा पुतळा उभा आहे.

वक्तृत्वसभांचा आवडता विषय येथेच तयार होतो : खरा देशभक्त कोणता, शस्त्र घेणारा की अर्ज करणारा? एक पक्ष म्हणतो, अर्जविनंत्यांनी साम्राज्ये हलत नाहीत. दुसरा पक्ष म्हणतो, पाच महिन्यांच्या बंडाने काय साधले? टाळ्या पडतात, बक्षिसे वाटली जातात, आणि सभा संपते. आमच्या मते हा प्रश्नच चुकीचा मांडलेला आहे. दोघांसही एकाच काळाने घडविले आणि दोघांपुढेही एकच दुःख उभे होते. १९०१ साली मुंबई सरकारने जमीनमहसुलाच्या कायद्यात रयतेस जाचक वाटणारा फेरफार आणला, तेव्हा फिरोजशहा आपल्या सहकाऱ्यांसह कायदेमंडळातून निषेधार्थ उठून बाहेर गेले. त्यांत गोखलेही होते. ज्या शेतकऱ्यासाठी वासुदेव बळवंतांनी घरदार सोडले, त्याच शेतकऱ्यासाठी फिरोजशहांनी सभागृह सोडले.

ह्याहूनही बोलका पुरावा पुण्याच्या न्यायालयात मिळतो. वासुदेव बळवंतांवर खटला चालला तेव्हा त्यांच्या बचावास उभे राहिले ते गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच सार्वजनिक काका. १८७० साली पुण्यास सार्वजनिक सभा ज्यांच्या उद्योगाने स्थापन झाली, ते हेच. अर्ज, सभा व ठराव हाच ज्यांचा मार्ग, ते गृहस्थ सरकारचा रोष पत्करून बंडखोराचे वकीलपत्र घेतात! त्या काळच्या माणसांनी दोन मार्गांतील भेद ओळखला होता, परंतु त्या भेदाचे वैर होऊ दिले नाही. हे औदार्य आपण त्यांच्याकडून शिकावे, की त्यांच्या नावाने दोन तट पाडावे?

ह्याचा अर्थ दोघांचेही दोष झाकावे असा नव्हे. वासुदेव बळवंतांनी द्रव्यासाठी दरोड्यांचा आश्रय केला. आणि सोबत्यांपैकी अनेकांचे लक्ष कार्यापेक्षा लुटीवर आहे ही व्यथा त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. फिरोजशहांचा आवाज कौन्सिलात गर्जला, पण खेड्यातील माणसाच्या भाषेत तो क्वचितच पोचला. एकाजवळ रयतेचा सहवास होता, टिकाऊ संस्था नव्हती. दुसऱ्याजवळ संस्था होती, तो सहवास नव्हता. दोन्ही एकत्र आणण्यास देशाला आणखी एक पिढी लागली.

कोणी म्हणेल, दोन माणसे एका साली जन्मली हा केवळ योगायोग. त्यावरून सिद्धान्त काढणे हा ज्योतिषाचा प्रकार झाला. आक्षेप योग्य आहे, आणि आम्हीही साल हे कारण मानीत नाही. साल माणसाला थोर करीत नाही. परंतु साल ही उत्तम कसोटी आहे. एकाच वयाची, एकाच सरकारची प्रजा असलेली, एकाच दुष्काळाचे वर्तमान ऐकणारी दोन माणसे शेजारी ठेवली, म्हणजे परिस्थितीचा भाग किती व स्वभावाचा भाग किती, हे स्पष्ट दिसते. आणि अवाबाईंचा रस्ता, जमशेटजींचे रुग्णालय, नानांची खटपट ही त्याच पंक्तीत ठेवली, म्हणजे आणखी एक गोष्ट ध्यानात येते : देशाचे काम केवळ बंडखोर व पुढारी करीत नाहीत, खाडीवर रस्ता बांधवून त्यावर पट्टी घेऊ नका म्हणणारी बाईही ते करते.

२०१६ साली पनवेल महानगरपालिका स्थापन झाली आणि कळंबोली तिच्या हद्दीत आली. येथील नागरिक आता आपले नगरसेवक मत देऊन निवडतात. हा हक्क आकाशातून पडला नाही. फिरोजशहांसारख्यांनी तो कलमाकलमाने मिळविला, आणि वासुदेव बळवंतांसारख्यांनी त्याची किंमत एडनच्या कारागृहात मोजली. म्हणून विद्यार्थिमित्रांस आमची एवढीच सूचना आहे की, येत्या सुटीत प्रत्येकाने सनावळीतील एकच साल निवडावे, ते आडवे वाचावे, आणि त्याचा एक धागा तरी आपल्या गावापासून पंधरा किलोमीटरांच्या आत सापडतो का, ते शोधावे. सापडला, तर त्या वाटेने स्वतः चालत जाऊन यावे. शिरढोणचा रस्ता तर सर्वांस ठाऊकच झाला आहे.