सायकलीचे पायडल कोणते घ्यावे?

बूट पायडलात अडकवून धरणारी सोय फ्रान्सच्या लूक कंपनीने १९८४ साली आणली. पुढल्याच वर्षी बेर्नार इनो यांनी त्याच पायडलांवर टूर द फ्रान्सची शर्यत जिंकली. विजेत्याचे तेच आपले असावे, असा मोह विद्यार्थ्यांस होणे स्वाभाविक आहे. आमचे मत मात्र निराळे आहे. पाय किती घट्ट बसतो यापेक्षा किती सहज सुटतो, हे नवशिक्याने आधी पाहावे. चौकात थांबताना पाय अडकून राहिला, तर स्वार ऐन रहदारीत आडवा होतो. यास्तव शिमानोने १९९० साली डोंगरी सायकलींसाठी काढलेली दोन स्क्रूंची पद्धत आम्हांस बरी वाटते. तिची पट्टी बुटाच्या तळव्यात खोल बसते, म्हणून नीट चालता येते. पकडही स्क्रू फिरवून सैल करता येते. टाच बाहेर वळवून पाय सोडविण्याचा सराव मैदानावर करावा; तो अंगवळणी पडेपर्यंत पालकांनी पाल्यास रस्त्यावर जाऊ देऊ नये.