व्यसनाचे मूळ मनात
व्यसनी माणसाला चारित्र्यहीन ठरवून मोकळे होणे सोपे असते. संस्कारी म्हणविणारी घरेही तेच करतात. व्हिएतनाम युद्धात हेरॉइनच्या आहारी गेलेल्या व १९७१ मध्ये मायदेशी परतलेल्या अमेरिकी सैनिकांचा ली रॉबिन्स या विदुषीने अभ्यास केला. त्यांतील बहुसंख्य त्या विळख्यातून सुटले होते. युद्धाचे भय सरले, आपली माणसे भेटली. पुण्याचे ‘मुक्तांगण’ १९८६ पासून औषधांइतकेच महत्त्व समुपदेशनाला आणि कुटुंबीयांच्या सहभागाला देत आले आहे. शरीराची तडफड औषधाने शमते. एकाकीपण, अपमान शमत नाहीत, आणि मन पुन्हा बाटलीकडे वळते. एकत्र कुटुंबाचे गोडवे आपण गातो खरे. पण उपचार घेऊन परतलेल्या तरुणाला शाखेत, गणेशोत्सव मंडळात विश्वासाने एखादे काम सोपविणारे किती आहेत?