गाडी विकली, पाळत राहिली

दसऱ्याला नवी गाडी घेताना शोरूममध्ये हार, पेढे, नारळ सगळे साग्रसंगीत होते. त्याच गडबडीत विक्रेत्याचा माणूस आपला फोन मागून घेतो, कंपनीचे अ‍ॅप टाकतो आणि दोन-चार ठिकाणी ‘सहमत’वर स्वतःच बोट ठेवतो. मालक फोटोसाठी उभा असतो. त्या क्षणापासून गाडी कुठे गेली, किती वेगाने गेली, ब्रेक किती जोरात दाबला, याचा हिशेब गाडीतल्या सिममार्फत कंपनीकडे जाऊ लागतो.

2019 मध्ये ह्युंदाई व्हेन्यू आणि एमजी हेक्टर या ‘कनेक्टेड’ गाड्या गाजावाजा करत आल्या. आता टाटा, महिंद्र, किया, सगळ्यांच्याच वरच्या मॉडेलांत ही सोय असते. तिचे फायदे खरे आहेत. चोरीला गेलेल्या गाडीचा माग लागतो, अपघातात मदत लवकर पोचू शकते.

टॅक्सी-बसबाबत सरकारने आधीच नियम केला. केंद्रीय मोटार वाहन नियम 125एच प्रमाणे 1 जानेवारी 2019 पासून नोंदणी होणाऱ्या सार्वजनिक प्रवासी वाहनांत ठावठिकाणा कळवणारे यंत्र आणि मदतीचे बटण हवे. रिक्षांना मात्र सूट. त्यासाठीचे एआयएस-140 हे मानक पुण्याच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेने प्रसिद्ध केले. पुण्याचे स्वारगेट असो की जयपूरची सीतापुरा औद्योगिक वसाहत, रात्रपाळी सुटल्यावर टॅक्सीत बसलेल्या बाईला त्या बटणाचा आधार असावा, हा त्यामागचा हेतू. तिथे माहिती का आणि कुणाकडे जाणार, हे निदान लिहिलेले आहे. खासगी गाडीच्या बाबतीत ते कंपनीच्या लांबलचक अटींत दडलेले असते.

हा प्रश्न खिशापर्यंत येतो. विमा नियामकाने जुलै 2022 मध्ये ‘जसे चालवाल तसा हप्ता’ या धर्तीच्या पूरक संरक्षणाला (अ‍ॅड-ऑन) मुभा दिली. ग्राहकाने समजून-उमजून घेतली तर त्यात गैर काही नाही. पण अमेरिकेत जनरल मोटर्सने लाखो चालकांच्या सवयींची माहिती पुरेशी संमती न घेता इतरांना दिली, असा ठपका तिथल्या व्यापार आयोगाने ठेवला. काहींचे विम्याचे हप्ते त्यामुळे वाढले होते.

आपल्याकडे वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा 2023 मध्ये झाला, नियम यायला नोव्हेंबर 2025 उजाडला आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यापुढे 18 महिन्यांची सवलत आहे. संमती मोकळी आणि माहितीपूर्ण हवी, असे कायदा म्हणतो. विक्रेत्याच्या बोटाने दिलेली संमती या कसोटीला कशी उतरणार?

परिवहन खात्याला या जबाबदाऱ्या लागू होण्याची वाट पाहण्याचे कारण नाही; निदान जुन्या गाडीच्या विक्रीपुरते ते आजच पाऊल उचलू शकते. जुनी गाडी विकताना फॉर्म 29 आणि 30 भरले की आरसी नव्या मालकाच्या नावावर होते. अ‍ॅपची जोडणी तोडायचे कुणाच्याच लक्षात आले नाही, तर नव्या मालकाची गाडी कुठे उभी आहे, हे जुना मालक घरबसल्या पाहू शकतो. याच फॉर्ममध्ये एक ओळ घाला : ‘अ‍ॅपची जोडणी तोडली, जुनी नोंद पुसली.’ त्याखाली कंपनीचा दाखला बंधनकारक करा. आणि ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांनी अ‍ॅपमध्ये आणखी कुणाची नावे जोडलेली आहेत, ते आजच पाहावे.