वरातीत गाणं चालतं, मग मेमरी कार्डात भरून विकलेलं का चालत नाही?

लग्नसराई आली की डीजेवाले आणि मंगल कार्यालयवाले एकच विचारतात, गाणी वाजवायला लायसन लागतं का?

उत्तर कायद्यातच आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 नुसार धार्मिक विधी, लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले कार्यक्रम यांत गाणं वाजवलं तर गुन्हा होत नाही. तरीही पैसे मागितल्याच्या तक्रारी गेल्या. म्हणून केंद्राच्या उद्योग व अंतर्गत व्यापार विभागाने 24 जुलै 2023 रोजी जाहीर सूचना काढली, की अशा मागणीला लोकांनी बळी पडू नये. मात्र ही सूट हॉटेलात किंवा शोरूमच्या उद्घाटनाला नाही. आवाजाचे नियम आणि रात्री दहाची मर्यादा तर सगळ्यांनाच आहे.

आता घरातलं बघू. विकत घेतलेली जुनी कॅसेट खराब व्हायला लागली म्हणून तिची गाणी पेनड्राइव्हवर घेऊन ट्रॅक्टरवर ऐकली, तर काय? याच कलमात खासगी वापराला मुभा आहे, फक्त तो वापर रास्त हवा. 2012 च्या दुरुस्तीनंतर ही मुभा ध्वनिमुद्रणालाही लागू झाली. मोबाइलमध्ये किंवा कार्डात साठवणंही त्यात आलं.

पण मोबाइल शॉपीत पैसे घेऊन कार्डात हजार गाणी भरून दिली, की तो धंदा झाला. कलम 63 खाली त्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड आहे. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, असं सुप्रीम कोर्टाने मे 2022 मध्ये स्पष्ट केलं. पोट भरायला टाकलेल्या दुकानाला हे परवडणारं नाही.

फुकट वाटलं तर चालेल, असंही नाही. वरातीचा व्हिडिओ गाण्यासकट यूट्यूबवर टाकला की तो सगळ्या जगापुढे गेला. मग त्यावर कंपनीचा दावा येऊ शकतो.

हा कायदा फक्त कंपन्यांचा आहे, असं गावात बोललं जातं. ते अर्धंच खरं आहे. 2012 पासून गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा करारात लिहून घेतला तरी काढून घेता येत नाही. जात्यावरच्या ओव्या, तुकोबांचे अभंग कुणाच्या मालकीचे नाहीत, ते कुणीही गावेत. पण गावच्या भजनी मंडळाने स्वखर्चाने ते रेकॉर्ड केले, तर त्या रेकॉर्डिंगचा हक्क 60 वर्षं मंडळाचा. ते कुणी कार्डात भरून विकलं, तर नुकसान गावच्याच लोकांचं.

म्हणून कॉपी करण्याआधी एवढंच बघावं, की ती घरापुरती आहे की बाहेर विकायला आणि वाटायला.