पाटकरी नसलेला कॅमेरा

‘कॅमेरा दुसऱ्या अ‍ॅपच्या वापरात आहे.’ दुसऱ्या म्हणजे कोणत्या? ते सांगायचं नाही. शनिवारी इथे स्प्रिंगफील्ड लेक्समध्ये मुलांच्या ऑनलाइन मराठी वर्गाचा निम्मा वेळ या वाक्याने खाल्ला. नाव लपवणाऱ्या अशा संदेशांवर मी इथे इतक्यांदा चिडलोय, की जुन्या वाचकांनी हा परिच्छेद गाळला तरी चालेल.

खरा दोष इंटरफेसचा. युनिक्सच्या वळणाने कॅमेराही एक फाइलच: उघडा, वापरा, मिटा. लिनक्सवर एका प्रोसेसने चित्रण सुरू केलं की दुसरीच्या पदरी ‘ईबिझी’, म्हणजे ‘साधन वापरात आहे’ ही त्रुटी. पहिलीकडून कॅमेरा मागून घ्यायची सोयच नाही. हे रचणाऱ्यांनी जन्मात कुणाला पाण्याची पाळी लावून दिली नसावी.

धुळ्याकडे पांझरा नदीवर पाणीवाटपाची फड पद्धत आहे. बंधाऱ्यातून पाट निघतो, पण शेतकरी स्वतः दारं धरत नाही. पाणी देतो तो सगळ्यांनी मिळून नेमलेला पाटकरी. आणि एका फडात, म्हणजे शेतांच्या एका गटात, हंगामाला एकच पीक. शेजाऱ्याचा ऊस आणि तुमची बाजरी असेल तर पाळी बसणार कशी? म्हणून आधी पीक ठरतं, मग पाणी सुटतं.

कॅमेऱ्याचं तेच. एका अ‍ॅपला 1080 ओळींचं चित्र हवं, दुसऱ्याला 720. पीक कोण ठरवणार? मायक्रोसॉफ्टने 2016 मध्ये, विंडोज 10 च्या अ‍ॅनिव्हर्सरी अपडेटमध्ये, फ्रेम सर्व्हर नावाचा पाटकरी बसवला. नेमणूक रास्त होती. पण पीक परस्पर ठरवलं: एमजेपेग आणि एच.264 ही चित्रणाची रूपं अ‍ॅप्सना मिळेनात, आणि लोकांचे वेबकॅम गोठायला लागले. त्यांच्याच एपीआयमधली दुसरी वाटणी मला पटते: एका अ‍ॅपकडे पूर्ण ताबा, बाकीच्यांना नुसतं बघायची मुभा.

आवाजाचंही तेच. अँड्रॉइडवर 2010 पासून ऑडिओ फोकस, म्हणजे आवाज वाजवायची पाळी, मागता येतो. मात्र दुसऱ्याने मागितला की गप्प बसायचं की नाही, हे आधीच्या अ‍ॅपच्या सौजन्यावर होतं. सौजन्य! 2021 च्या अँड्रॉइड 12 मध्ये कुठे सिस्टिमने आधीच्या अ‍ॅपचा आवाज उतरवत बंद करायचं काम स्वतःकडे घेतलं.

तेव्हा ताबा द्या, पण परत मागता येईल असा. आणि तो कुणाकडे आहे ते नावानिशी सांगा. नाव सांगितलं तर खासगीपणा जातो म्हणणाऱ्यांनो, मग कॅमेऱ्याशेजारी तो दिवा कशाला लावता?